कॉम्प्लेक्स लिपिड्स म्हणजे नक्की काय? पेशीतल्या जटिल मेदांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिपिड्सचा चॅप्टर आला की दरवर्षी तेच प्रश्न येतात, वर्गात येतात, रात्री व्हॉट्सॲपवर येतात, आणि हल्ली तर नातेवाईकही विचारतात कारण कोणाच्या क्रीमच्या ट्यूबवर सेरामाइड लिहिलेलं असतं तर कोणाच्या रिपोर्टमध्ये अँटिकार्डिओलिपिन अँटिबॉडी. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढलंय. मी बीएस्सी आणि डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या) मुलामुलींना बायोकेमिस्ट्री शिकवते. डॉक्टर नाही, त्यामुळे आजारांबद्दल जे लिहिलंय ते समजून घेण्यापुरतं, औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

लिपिड म्हणजे चरबीच ना?

नाही, आणि हा गैरसमज मला खरंच खुपतो. आपण जिला चरबी म्हणतो ती ट्रायग्लिसराइड, म्हणजे ग्लिसरॉलच्या तीन कार्बनना तीन फॅटी ॲसिड्स चिकटलेली, बस्स. तिचं मुख्य काम साठवण, घरातल्या धान्याच्या कणगीसारखं. पण घर काही नुसत्या कणगीचं नसतं, त्याला भिंती लागतात, दारं लागतात, कड्या लागतात, दारावर नावाची पाटी लागते, आणि पेशीत ही सगळी कामं कॉम्प्लेक्स लिपिड्स करतात. उपाशी माणसाच्या अंगावरची चरबी उतरते पण पेशीची भिंत (म्हणजे मेम्ब्रेन) जागेवर असते, ती गेली तर पेशीच गेली.

आणि हो, रक्ताच्या लिपिड प्रोफाइलमध्ये कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, एलडीएल एवढंच येतं, कॉम्प्लेक्स लिपिडांतले मुख्य फॉस्फोलिपिड त्यात मोजतच नाहीत. गंमत म्हणजे ते एचडीएल-एलडीएलचे कण रक्तात तरंगतात तेच मुळी बाहेरून फॉस्फोलिपिडचा एकेरी थर असतो म्हणून, नाहीतर आतलं तेलकट सामान पाण्यासारख्या रक्तातून न्यायचं कसं.

मग "कॉम्प्लेक्स" कशाला म्हणायचं?

फॅटी ॲसिड आणि अल्कोहोल यांच्या जोडीला तिसरं काहीतरी असेल, म्हणजे फॉस्फेट, साखर, नायट्रोजनवाला एखादा तुकडा, तर ते कॉम्प्लेक्स. काही पुस्तकं ट्रायग्लिसराइडलाही यात धरतात कारण ते अल्कलीने फोडून त्याचा साबण करता येतो, तर तुमच्या युनिव्हर्सिटीचं पुस्तक काय म्हणतं ते बघून लिहा, त्यावरून भांडू नका. लक्षात ठेवायची खरी गोष्ट म्हणजे पाठीचा कणा दोनच प्रकारचा असतो, एक ग्लिसरॉल आणि दुसरा स्फिंगोसिन. ग्लिसरॉलवर उभे राहिले ते ग्लिसरोफॉस्फोलिपिड, स्फिंगोसिनवर उभे राहिले ते स्फिंगोलिपिड. साखर लागली तर ग्लायकोलिपिड.

फॉस्फोलिपिडची रचना सोप्या भाषेत सांगा ना

कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा डोळ्यांसमोर आणा. वरचं टोक म्हणजे डोकं, खालच्या दोन काड्या म्हणजे शेपट्या. डोक्यात फॉस्फेट आणि त्याला लागलेलं कोलीन, इथेनॉलअमाइन, सेरीन नाहीतर इनॉसिटॉल. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना अजिबात नाही. आता ग्लिसरॉलचे तीन कार्बन मोजा, पहिल्यावर बहुतेक वेळा सरळसोट सॅच्युरेटेड फॅटी ॲसिड असतं, दुसऱ्यावर बहुतेक वेळा अनसॅच्युरेटेड, म्हणजे डबल बाँडपाशी वाकलेलं, आणि तिसऱ्यावर ते फॉस्फेटवालं डोकं. हा दुसरा कार्बन नीट लक्षात ठेवा, पुढे साप आणि ॲस्पिरिन दोघंही तिथेच येणार आहेत.

कोलीन असलेला तो फॉस्फॅटिडिलकोलीन, त्याचंच जुनं नाव लेसिथिन. फ्रान्सच्या थिओडोर गोब्ले या फार्मसिस्टने तो अंड्याच्या बलकातून काढला आणि १८५० मध्ये ग्रीक भाषेतल्या बलकाच्या शब्दावरून नाव दिलं. चॉकलेट किंवा बिस्किटाच्या पुड्यावर मागे बारीक अक्षरात "इमल्सिफायर ३२२" लिहिलेलं असतं ना, ते हेच.

हे रेणू स्वतःहून थर कसा काय बनवतात? कोणी रचायला लागत नाही?

नाही लागत, आणि मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून असतात, मध्ये तेलकट शेपटी आली की त्यांना तिच्याभोवती अवघडून उभं राहावं लागतं, म्हणून शेपट्या एकत्र लपल्या की पाणी मोकळं होतं. एक शेपटी असलेला साबणाचा रेणू सुळक्यासारखा असतो म्हणून त्याचे गोल गोळे बनतात, पण दोन शेपट्यांचा फॉस्फोलिपिड साधारण नळकांड्यासारखा असतो, त्याचा सपाट दुहेरी थर बनतो, डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. या थराला कडा उघडी ठेवून चालत नाही कारण कडेला शेपट्या पाण्यात पडतात, म्हणून तो वळून स्वतःच बंद होतो आणि पिशवी तयार होते. फाटला तर स्वतःच शिवला जातो.

हा थर दुहेरी आहे हे १९२५ मध्ये नेदरलँड्सच्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी दाखवलं, लाल रक्तपेशींतलं लिपिड काढून पाण्यावर एकेरी पसरवलं तर पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, लिपिड पूर्ण निघालं नव्हतं आणि पेशीचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं, पण दोन्ही चुका एकमेकींना कापून गेल्या आणि उत्तर बरोबर आलं. पूर्ण थराची जाडी किती, तर ४ ते ५ नॅनोमीटर.

भिंत म्हणजे घट्ट आणि स्थिर असणार ना?

अजिबात नाही. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी फ्लुइड मोझेइक मॉडेल मांडलं ते याचसाठी, थर पातळ आहे आणि प्रथिनं त्यात तरंगतात. एक लिपिड रेणू आपल्याच थरात सरकत साधारण एका सेकंदात एका बॅक्टेरियाच्या लांबीइतकं अंतर जातो. पण वरच्या थरातून खालच्या थरात कोलांटी मारायची म्हटलं तर पाणी आवडणारं डोकं तेलातून न्यावं लागतं, ते इतकं अवघड की स्वतःहून क्वचितच होतं, त्यासाठी पेशी फ्लिपेज नावाची प्रथिनं ठेवते आणि एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्च करते.

थंडीत काय होतं ते बघायचं असेल तर डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली बघा. ती थिजते, शेंगदाण्याचं तेल थिजत नाही. खोबरेलात सरळ सॅच्युरेटेड शेपट्या जास्त, त्या काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या गच्च बसतात, शेंगदाण्यात वाकड्या शेपट्या जास्त, त्यांना गच्च बसताच येत नाही. पेशीही हेच वापरते, थंडी पडली की बॅक्टेरिया आणि मासे आपल्या भिंतीत वाकड्या शेपट्या वाढवतात म्हणजे भिंत थिजत नाही. आपल्या पेशीत कोलेस्टेरॉल मध्ये मध्ये बसून हा समतोल राखतं, उष्णतेत फार पातळ होऊ देत नाही आणि थंडीत थिजू देत नाही, त्यामुळे कोलेस्टेरॉलला सरसकट वाईट म्हणणंही थांबवा.

आतला थर आणि बाहेरचा थर सारखाच असतो का?

नसतो, आणि पेशी त्या फरकासाठी जिवापाड राबते. फॉस्फॅटिडिलसेरीन हा निरोगी पेशीत आतल्या थरात लपवलेला असतो. पेशी मरायला निघाली की तो बाहेर येतो आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींना कळतं की ही आता उचलायची. प्लेटलेट्स जाग्या झाल्या की त्यांचाही सेरीनवाला लिपिड बाहेर येतो, त्याच्यावर कॅल्शियमच्या मदतीने गोठण्याचे फॅक्टर बसतात आणि रक्त गोठायला लागतं. एकच रेणू, आत आहे तोवर शांत, बाहेर आला की निरोप.

ताक घुसळताना लोणी वर येतं, त्याचा या सगळ्याशी संबंध आहे का?

आहे आणि थेट आहे! हा प्रश्न एका विद्यार्थिनीच्या आईने विचारला होता आणि मला फार आवडला. दुधातली चरबी सुटी नसते, काही मायक्रोमीटरचे बारीक गोळे असतात आणि प्रत्येक गोळ्याभोवती गाईम्हशीच्या पेशीने तो बाहेर सोडताना आपल्याच भिंतीचं पांघरूण घातलेलं असतं, फॉस्फोलिपिड, स्फिंगोमायलिन, प्रथिनं असलेलं. ते पांघरूण आहे म्हणूनच दुधातली चरबी लगेच एकत्र होऊन तेलासारखी तरंगत नाही. रवी फिरवली की पांघरूण फाटतं, आतली चरबी एकमेकींना चिकटते, आधी रवीला बारीक कण दिसतात, मग पाण्याचा हबका मारला की गोळा येतो. आणि फाटलेली पांघरुणं? ती बरीचशी खाली ताकात राहतात. म्हणून घरच्या लोण्याच्या ताकात फॉस्फोलिपिडचं प्रमाण चरबीच्या मानाने खूप जास्त असतं. लोण्यात जे थोडं उरतं ते कढवताना प्रथिनांबरोबर खाली बसतं, तीच आपली बेरी. साजूक तूप म्हणजे मग जवळपास नुसतं ट्रायग्लिसराइड. पुढच्या वेळी लोणी कढवाल तेव्हा कढईच्या तळाशी बघा, कॉम्प्लेक्स लिपिड तिथे तपकिरी होऊन बसलेलं असतं.

स्फिंगोलिपिड हे नाव इतकं विचित्र का?

कारण ते कोडं होतं. जर्मनीत जन्मलेले आणि लंडनमध्ये काम करणारे डॉक्टर थुडिकम मेंदूची रसायनं वेगळी काढत होते, त्यांना सापडलेल्या एका पदार्थाचं कोडं सुटेना म्हणून त्यांनी ग्रीक पुराणातल्या कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून नाव ठेवलं. १८८४ मध्ये त्यांचं मेंदूच्या रसायनांवरचं पुस्तक आलं.

स्फिंगोसिनला एक फॅटी ॲसिड जोडलं की सेरामाइड. सेरामाइडला फॉस्फोकोलीन लागलं की स्फिंगोमायलिन, एक साखर लागली की सेरेब्रोसाइड, साखरांची साखळी लागली आणि तिच्यात सायॲलिक ॲसिड (एक आम्लधर्मी साखर) आलं की गँग्लिओसाइड. एवढी ओळख पक्की असेल तर अर्धा चॅप्टर झाला. मज्जातंतूंभोवतीचं मायलिन हे याच कुटुंबाचं मोठं काम, त्याच्या कोरड्या वजनात ७० टक्क्यांहून जास्त लिपिडच असतं, त्यातही गॅलॅक्टोसेरेब्रोसाइड आणि कोलेस्टेरॉल भरपूर. तारेवरच्या प्लास्टिकसारखं ते विजेची गळती थांबवतं, म्हणून पायाला काटा लागला की क्षणात मेंदूला कळतं.

रक्तगट आणि लिपिडचा संबंध असतो असं सर म्हणाले, खरं का?

अर्धं खरं, आणि त्यातलं पूर्ण समजून घ्या. ए, बी, ओ हे रक्तगट म्हणजे लाल पेशीवरच्या साखरांच्या साखळीचं शेवटचं टोक. या साखळ्या काही प्रथिनांवर असतात, काही ग्लायकोस्फिंगोलिपिडवर, लाल पेशीवर प्रथिनांचा वाटा मोठा आहे. लुइस नावाचा रक्तगट मात्र पूर्णच लिपिडचा, तो प्लाझ्मामधून येऊन लाल पेशीच्या भिंतीत शिरून बसतो.

साखळी कशी बनते बघा. आधी टोकाला फ्यूकोज लागते, तो झाला एच अँटिजेन. त्यावर एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसमाइन लागलं की ए, गॅलॅक्टोज लागलं की बी, काही साखळ्यांवर हे आणि काहींवर ते लागलं की एबी, काहीच लागलं नाही की ओ. म्हणजे ओ गटाच्या माणसाकडे एच असतोच. पण ज्याच्याकडे एचसुद्धा नाही तो? तो बॉम्बे ब्लड ग्रुप, १९५२ मध्ये मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला सांगितलेला. आपल्या शहराचं नाव जगभरच्या ब्लड बँकेत घेतलं जातं ते यामुळे.

आता डीएमएलटीवाल्यांनी इथे थांबून वाचा. स्लाइडवर अँटी-ए, अँटी-बी टाकून बघितलं तर बॉम्बे गटाचं रक्त ओ सारखंच दिसतं. पण त्या माणसाच्या सीरममध्ये अँटी-एच, म्हणजे एच विरुद्धची अँटिबॉडी, असतं, त्याला ओ गटाचं रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून नुसतं फॉरवर्ड ग्रुपिंग (पेशींची तपासणी) करून ओ लिहू नका, रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये (सीरमच्या तपासणीत) ओ सेल्ससुद्धा लावा, त्या ट्यूबमध्ये गुठळ्या दिसल्या की हात थांबवा आणि अँटी-एच लेक्टिनने तपासा. एका साखरेच्या अभावावर माणसाचा जीव अवलंबून असतो हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी मलाच परत हलवून जातं.

कॉलऱ्याचा यात काय संबंध?

आतड्याच्या पेशींवर जीएम१ नावाचं गँग्लिओसाइड असतं, कॉलऱ्याचं विष त्यालाच ओळखतं. विषाचा बी भाग पाच पाकळ्यांसारखा, प्रत्येक पाकळी एक जीएम१ धरते, मग ए भाग पेशीत जातो, सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढत राहतो आणि मीठपाणी आतड्यात ओतलं जातं. असं विष असतं हेच मुळात १९५९ मध्ये कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं होतं. जे लिपिड पेशीने ओळखपत्र म्हणून लावलं, त्याचाच वापर जंतू दार उघडायला करतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला "सर्फॅक्टंट" देतात ते काय असतं?

हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. माझ्या नणंदेचं बाळ तिसाव्या आठवड्यात झालं. काचेच्या पेटीत तो एवढासा जीव, श्वास घेताना छाती आत ओढली जायची आणि प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी एक छोटी बाटली हातात धरून हलकेच कोमट केली, हलवली नाही, आत दुधासारखं पांढरं औषध होतं, ते नळीतून फुप्फुसात सोडलं. मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलेला रेणू त्या बाटलीत होता. बाळ आता शाळेत जातं.

तर ते काय असतं. फुप्फुसातले वायुकोश आतून ओले असतात, पाण्याला पृष्ठताण असतो, तो वायुकोशाला आत ओढून मिटवायला बघतो, आणि कोश जितका लहान तितकी ही ओढ भारी. त्यावर उपाय म्हणून वायुकोशांतल्या टाइप टू पेशी सर्फॅक्टंट सोडतात, त्यात साधारण ९० टक्के लिपिड, उरलेली प्रथिनं. मुख्य रेणू डायपाल्मिटॉइलफॉस्फॅटिडिलकोलीन, लिहायला मोठं आहे म्हणून डीपीपीसी म्हणू. याच्या दोन्ही शेपट्या सरळ सॅच्युरेटेड, वाकडी एकही नाही. श्वास सोडताना कोश लहान होतो तेव्हा हे रेणू खोबरेल तेलासारखे गच्च बसतात, पृष्ठताण जवळपास शून्यावर येतो आणि कोश मिटत नाही. म्हणजे भिंतीला जी वाकडी शेपटी हवी असते ती इथे नको असते.

पोटातलं बाळ हा पदार्थ साधारण २४ आठवड्यांपासून बनवायला लागतं पण पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे उजाडतात. मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं की श्वासाच्या त्रासाने गेलेल्या बाळांच्या फुप्फुसात हाच पदार्थ कमी होता. तोवर कारणच माहीत नव्हतं. आणि कारण कळल्यावरही लगेच औषध आलं नाही, १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच त्रासाने ३९ तासांत गेला. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की आईला आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाचं फुप्फुस लवकर तयार होतं, आणि १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसापासून बनवलेलं सर्फॅक्टंट बाळांना देऊन ती वाचवून दाखवली. आज गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट आपल्याकडच्या एनआयसीयूत मिळतं. कोणाला वेळेआधी कळा येत असतील आणि डॉक्टर ते स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्या म्हणाले तर नावाला घाबरून नको म्हणू नका, एवढं मात्र मी हात जोडून सांगते.

प्रेग्नन्सीत सिफिलिससाठी व्हीडीआरएल टेस्ट करतात, त्यात कार्डिओलिपिन कुठून आलं?

बैलाच्या हृदयातून! कार्डिओलिपिन हा चार शेपट्यांचा फॉस्फोलिपिड, दोन फॉस्फॅटिडिक ॲसिड मध्ये एका ग्लिसरॉलने जोडलेली. आपल्या पेशीत तो मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात असतो, जिथे एटीपी बनतं, आणि हृदयाला एटीपी सतत लागतं म्हणून हृदयात भरपूर. मेरी पँगबॉर्न यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बैलाच्या हृदयातून शुद्ध केला. सिफिलिस झालेल्याच्या रक्तात या लिपिडविरुद्ध अँटिबॉडी येतात, म्हणून टेस्टच्या अँटिजेनमध्ये ०.०३ टक्के कार्डिओलिपिन, ०.२१ टक्के लेसिथिन आणि ०.९ टक्के कोलेस्टेरॉल असतं, मायक्रोस्कोपखाली गुठळ्या दिसल्या की रिॲक्टिव्ह.

पण नीट ऐका, ही अँटिबॉडी जंतूविरुद्ध नाही, लिपिडविरुद्ध आहे. ल्युपस, मलेरिया, कुष्ठरोग, कधी कधी नुसत्या गरोदरपणातही ती दिसू शकते. म्हणून व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह आली की टीपीएचए सारखी, थेट सिफिलिसच्या जंतूविरुद्धची अँटिबॉडी शोधणारी दुसरी टेस्ट करून मगच बोलायचं. रिपोर्ट हातात आल्या आल्या नवऱ्यावर किंवा सुनेवर संशय घेणारी घरं मी पाहिलीयत, आणि कारण निघालं अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, ज्यात रक्त गोठतं, वारंवार गर्भपात होतात आणि ज्याला वेळीच उपचार हवे असतात.

सापाच्या विषात लिपिड असतं का?

लिपिड नाही, लिपिड कापणारी कात्री असते. फॉस्फोलायपेज ए२ हे एन्झाइम, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्याही विषात. ते ग्लिसरॉलच्या दुसऱ्या कार्बनवरची, आपण लक्षात ठेवलेली ती वाकडी शेपटी कापतं. उरतो एका शेपटीचा लायसोफॉस्फोलिपिड, तो साबणासारखा सुळका, आणि असे सुळके सपाट भिंतीत भरले की भिंत टिकत नाही, फुटते. घोणशीच्या विषाने स्नायू आणि किडनीवर घाला येतो, मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकाशी जातं, म्हणून रात्री झोपेत चावलेली मण्यार दुखतही नाही आणि पहाटे पापण्या मिटायला लागतात. चावल्याचा संशय जरी असला तरी चिरा देऊ नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, हातपाय न हलवता थेट दवाखाना.

हेच एन्झाइम आपल्या शरीरातही आहे, मोजूनमापून वापरलेलं. पेशी दुखावली की ते दुसऱ्या कार्बनवरून ॲरॅकिडोनिक ॲसिड सोडवतं, त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनतात, सूज, ताप, वेदना. ॲस्पिरिन ही पुढची पायरी अडवते हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ चं नोबेल त्यात आहे.

पीआयपी२, आयपी३, डॅग यात नेहमी गोंधळ होतो

पीआयपी२ आतल्या थरात बसलेला फॉस्फोलिपिड. बाहेरून हॉर्मोनचा निरोप आला की फॉस्फोलायपेज सी त्याचे दोन तुकडे करतं. डोकं, म्हणजे आयपी३, पाण्यात सुटतं आणि कॅल्शियम मोकळं करतं. शेपट्या, म्हणजे डायअसिलग्लिसरॉल (डॅग), भिंतीतच राहतात आणि प्रोटीन कायनेज सी ला जागं करतात. डोकं पाण्यात जाणार आणि शेपट्या तेलात राहणार, हे एकदा कळलं की पाठ करायची गरज नाही.

गोशे, टे-सॅक्स, नीमन-पिक... हे आजार कसे होतात?

पेशी स्फिंगोलिपिड बनवते तशी लायसोसोममध्ये, म्हणजे आपल्या मोडतोडीच्या पिशवीत, मोडूनही टाकते, पायरीपायरीने, एकेक साखर काढत. एका पायरीचं एन्झाइम नसेल तर त्या पायरीपाशी सामान साचतं. गोशेमध्ये ग्लुकोसेरेब्रोसिडेज नाही म्हणून ग्लुकोसेरेब्रोसाइड साचतं, प्लीहा आणि यकृत वाढतं, हाडं दुखतात. टे-सॅक्समध्ये हेक्सोसॅमिनिडेज ए नाही म्हणून जीएम२ गँग्लिओसाइड मेंदूत साचतं, बाळ सहा महिन्यांचं हसतं खेळतं असतं आणि मग शिकलेलं विसरायला लागतं, डोळ्याच्या पडद्यावर चेरीसारखा लाल ठिपका दिसतो. नीमन-पिकच्या ए आणि बी प्रकारात स्फिंगोमायलिनेज नाही.

गोशेचं वर्णन १८८२ चं, कुठलं एन्झाइम कमी आहे हे रॉस्को ब्रेडी यांनी १९६० च्या दशकात शोधलं आणि एन्झाइमचं इंजेक्शन मंजूर झालं १९९१ मध्ये. ते आयुष्यभर घ्यावं लागतं आणि अतोनात महाग आहे. आपल्याकडे २०२१ चं दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आहे, ठरवून दिलेल्या केंद्रांमधून ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र. लहान मुलाचं पोट वाढतंय, रक्त कमी आहे, आणि वर्षभर नुसती टॉनिकं चालू आहेत असं असेल तर कोणीतरी गोशेचं नाव काढायला हवं.

हे तिन्ही आजार आईबाप दोघांकडून एकेक सदोष जीन आला तरच होतात, दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे, अशा घरात एखादं बाळ असं गेलं असेल तर पुढच्या वेळी आधी जेनेटिक कौन्सेलिंग करून घ्या. यात कोणाचा दोष नाही आणि सुनेचा तर नाहीच नाही.

सेरामाइडच्या क्रीमचा खरंच उपयोग होतो का?

कोरड्या त्वचेला होतो. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशी विटांसारख्या आणि मधला गिलावा लिपिडचा, त्यात वजनाने साधारण अर्धं सेरामाइड. गिलावा गेला की पाणी उडतं. पण महागच पाहिजे असं नाही, अंघोळीनंतर अंग ओलसर असताना लावलेलं साधं व्हॅसलीनही पाणी धरून ठेवतं.

लेसिथिनच्या गोळ्या घेतल्या तर मेंदू तल्लख होतो?

अशा अपेक्षेने पैसे घालवू नका. खाल्लेलं लेसिथिन आतड्यात बरंचसं तोडलं जातं आणि शरीर आपल्याला हवं ते नव्याने बनवतं. कोलीन मात्र लागतं, आणि ते अंडं, सोयाबीन, शेंगदाण्यातून मिळतं.

सगळ्या जिवांत हेच लिपिड असतात का?

नाही. झाडांच्या क्लोरोप्लास्टमध्ये फॉस्फेटऐवजी गॅलॅक्टोजवाले लिपिड जास्त, त्यामुळे जमिनीतला मौल्यवान फॉस्फरस वाचतो. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं ते हॅलोआर्किया जिवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं, या आर्कियांच्या लिपिडमध्ये एस्टरऐवजी इथर बाँड असतो, तो सहजी तुटत नाही. आणि टीबीच्या जंतूच्या भिंतीत मायकॉलिक ॲसिड, ६० ते ९० कार्बनच्या शेपट्या, म्हणून तर थुंकीच्या स्लाइडवर ॲसिड ओतलं तरी तो लाल रंग सोडत नाही.

परीक्षेत स्ट्रक्चर काढताना मुलं कुठे चुकतात?

सगळ्यात जास्त सेरामाइडमध्ये. तिथे फॅटी ॲसिड ऑक्सिजनला नाही, नायट्रोजनला लागतं, म्हणजे एस्टर नाही, अमाइड बाँड. आणि मुलं स्फिंगोसिनला दोन फॅटी ॲसिड जोडून तीन शेपट्या काढतात, अरे, स्फिंगोसिनची १८ कार्बनची साखळी हीच एक शेपटी, जोडायचं एकच. स्फिंगोमायलिनला फॉस्फोलिपिड म्हटलं तरी बरोबर आणि स्फिंगोलिपिड म्हटलं तरी बरोबर, दोन्ही लिहा. सेरेब्रोसाइडमध्ये सायॲलिक ॲसिड काढू नका, ते आलं की गँग्लिओसाइड झालं. आणि अनसॅच्युरेटेड शेपटी काढताना डबल बाँडपाशी ती वाकवा, ट्रान्ससारखी सरळ काढलेली असते म्हणून दरवर्षी कित्येकांचा अर्धा मार्क जातो.